पेटी आत, हलगी बाहेर

चर्च म्हटलं की आपल्या पोरांना दोनच गोष्टी आठवतात. एक म्हणजे म्हाताऱ्या माणसांनी सांगितलेली मिशनची दुधाची पावडर. दुसरी म्हणजे बाबासाहेबांनी ख्रिस्ती धर्म का घेतला नाही यावर आपणच चौकाचौकात ठोकलेलं भाषण. पावडर कधीच संपली, भाषण चालू आहे. मीही ते ठोकलंय, टाळ्या घेतल्यात. पण ज्यांच्याविषयी बोलतोय ती माणसं रविवारी जमून नक्की काय गातात, कसं गातात, हे सत्तावीस वर्षांत एकदाही जाऊन पाहिलं नव्हतं. माझी सख्खी आत्या जुन्नर तालुक्यात ख्रिस्ती घरात दिलेली असताना! लाज वाटावी अशी गोष्ट आहे, म्हणून आधी तीच लिहून टाकतो.

गेल्या साली आत्याची सासू वारली. मी सूतगिरणीत रिंग खात्यात (जुने कामगार अजून त्याला त्रासन म्हणतात). रातपाळी करून तसाच एस्टीत बसलो, नारायणगावला उतरलो, तिथून वडापनं वस्तीवर. दिवस मावळायच्या आत माती उरकायची घाई चालली होती, कारण उसात बिबट्या. जुन्नर-आंबेगावात आता मयत, लग्न, प्रार्थना सगळं बिबट्याच्या वेळापत्रकावर चालतं. रडारड चालू होती. रडता रडताच एका बाईनं सूर लावला. पेटी नाही, तबला नाही, माईक नाही. दुसऱ्या ओळीला शेजारच्या बाया, तिसऱ्या ओळीला गडी, पोरं, खड्डा खणणारे सुद्धा. मी वाट बघत होतो, आता मुख्य गायक कोण पुढं येतो. मुख्य गायक नव्हताच. ज्या बाईनं सुरू केलं होतं ती मधेच गप्प होऊन पदरानं नाक पुसत बसली तरी गाणं चालूच राहिलं. गाण्याला मालक नव्हता.

मित्रांनो, मी कविता लिहिणारा माणूस आहे. मला हे झोंबलं. माझी कविता माझ्याशिवाय एक ओळ चालत नाही.

तीन दिवस राहिलो. रोज संध्याकाळी उजेड असेतो लोक येत, ओसरीवर बसत, गात, चहा घेऊन घोळक्यानं परत जात. जाताना उसाच्या कडेनं मोठ्यानं गात जात. आत्या म्हणाली, "भक्ती पण होती अन् बिबट्या पण लांब राहतो." निघताना तिनं मला सासूचं गाण्याचं पुस्तक दिलं. 'उपासना संगीत'. कव्हर गेलेलं, पाठीला गोधडीच्या दोऱ्याची शिवण. सासूला अक्षर येत नव्हतं, तरी पुस्तक रोज तिच्या पिशवीत. ते पुस्तक मी पाळीवरून आल्यावर खोलीत बसून वाचलं. मग वर्षभरात सुट्टी मिळेल तशी जुन्नर-आंबेगावात चार ठिकाणी उपासनेला जाऊन बसलो. दोन ठिकाणी चर्चची इमारत, दोन ठिकाणी कुणाच्या तरी घरी. हे लिहितोय ते त्या वाचनावर आणि त्या बसण्यावर.

आधी थोडा इतिहास, कारण आपल्याकडं तो कुणी सांगत नाही. युरोपात सोळाव्या शतकापर्यंत चर्चमधलं गाणं मुख्यतः लॅटिनमधलं, पाद्री आणि गायकांच्या तोंडचं. मार्टिन लूथरनं १५२४ पासून लोकांच्या भाषेतली गाण्यांची पुस्तकं छापून ते बाकावर बसलेल्यांच्या तोंडात दिलं. आपल्याकडं वेद ऐकणाऱ्याच्या कानात शिसं ओतायचा कायदा लिहून ठेवलेला, आणि तिकडं मोची-लोहार देवाच्या दारात मोठ्यानं गाऊ लागले. ही छोटी गोष्ट नाही.

अमेरिकन मिशनवाले १८१३ साली मुंबईत आणि १८३१ साली नगरला आले. त्यांनी सुरवातीला आपल्याच गाण्यांची मराठी भाषांतरं केली. हेन्री बॅलंटाइन या मिशनऱ्यानं त्यात बरंच काम केलं. पण इंग्रजी चालीत मराठी शब्द बसवले की शब्दाचं मुंडकं एकीकडं आणि धड दुसरीकडं. मग नगरकडं कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी १८६० च्या दशकात ख्रिस्ती कीर्तन उभं केलं. आपल्या चाली, उभं राहून निरूपण, मागं टाळ. आणि नंतर आले नारायण वामन टिळक. १८६१ साली रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावी जन्म, १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा, १९१९ साली मृत्यू. या माणसानं अभंग, ओवी, साकी, दिंडी सगळं चर्चात आणलं. पुस्तकातली दोनशेच्या वर गाणी एकट्या टिळकांची. जुन्नरला ठाणं होतं ते चर्च मिशनरी सोसायटीचं, म्हणजे इंग्लंडच्या चर्चचं, नगरचं अमेरिकन. मिशन वेगळी, पण आणे घाट ओलांडला की नगरची हद्द लागते, आणि गाणं कुठल्या साहेबाची हद्द मानतं? १९७० साली उत्तर भारताचं चर्च, सी.एन.आय. झालं तेव्हा दोन्ही परंपरा कागदावर एक झाल्या.

तर पुस्तक. टिळकांची भाषा मला आवडली, हे सरळ कबूल करतो. सोपी आहे, घरातली आहे. त्यांचा देव आईसारखा आहे, त्याच्यावर रुसता येतं. तुकाराम पचवलेला माणूस आहे. म्हातारीला अक्षर येत नसताना सत्तर-ऐंशी गाणी पाठ होती, ती त्या भाषेमुळं आणि त्या छंदांमुळं. तिनं जात्यावर ओवी म्हटलेली होती, भजनात अभंग ऐकलेला होता. पाठ करायला नवीन काही नव्हतं, फक्त नाव नवीन होतं.

पण इथंच माझं भांडण सुरू होतं. 'देशी चाल' आणली म्हणतात, ती कुणाच्या देशातली? वारकऱ्याचा अभंग आला, हरदासाचं कीर्तन आलं, पंतांच्या वाड्यातली साकी-दिंडी आली. पेटी आली, तबला आला. पेटी तर युरोपातूनच आलेली, ती आपली ठरली. आणि ज्या महार-मांगांनी नगर-जुन्नर पट्ट्यात चर्च भरलं त्यांचं वाजप कुठं गेलं? हलगी नाही, सनई नाही, तुणतुणं नाही. नारायणगाव ही तमाशाची पंढरी, विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर (१९३५–२००२) हिचं गाव. पाडव्याच्या सुमाराला तिथं फडांच्या राहुट्या पडतात, गावोगावचे लोक सुपाऱ्या द्यायला येतात. तिथून वडापनं वीस मिनिटांवर चर्च आहे, आणि मी बसलो त्या चारही ठिकाणी ढोलकीचा एक ठोका नाही. वरच्या जातीतून आलेल्या ख्रिस्ती माणसाचा अभंग शुद्ध, आणि खालून आलेल्याची ढोलकी बाटलेली? बाप्तिस्मा माणसांना मिळाला, वाद्यांना नाही मिळाला.

हे मी तावातावानं पाळकसाहेबांपुढं मांडलं. ते साठीचे, शांत. म्हणाले, "बाळ, माझ्या आज्यानं हलगी मोडून चुलीत घातली होती. पाटलाच्या लग्नात उपाशी उभं राहून वाजवायची होती म्हणून. ती मी परत चर्चात आणू?"

मी गप्प. कारण आपल्या चळवळीनंही तेच केलं. मेलेलं ढोर ओढणं सोडलं, येसकरी सोडली, वाजवणं सोडलं. हलगी टाकणं ही तेव्हाची क्रांतीच होती. म्हणजे माझा आरोप अर्धाच खरा. पण उरलेल्या अर्ध्यावर मी अजून उभा आहे. तमिळनाडूत थिऑफिलस अप्पावू (१९४०–२००५) नावाचे दलित ख्रिस्ती धर्मशिक्षक होऊन गेले, मदुराईच्या धर्मविद्यालयात शिकवायचे. त्यांनी लोकगीतांच्या चालींवर, परईसारखी हीन मानलेली वाद्यं घेऊन उपासनेची गाणी केली. परई म्हणजे तिकडची हलगीच समजा, आणि परईवरूनच त्या माणसांना परैयर म्हटलं गेलं. ज्या वाद्यानं नाव बाटवलं ते वाद्य उपासनेत आणायचं, हाही एक रस्ता आहे. आपल्या आंबेडकरी जलशानंही १९३० च्या दशकात हेच केलं. भीमराव कर्डक आणि त्यांच्या सोबत्यांनी तमाशाचा सांगाडा घेतला, गणपतीचा गण काढला, गौळण काढली, ढोलकी ठेवली. टाकायचं काय आणि ठेवायचं काय याचा हिशेब त्यांनी स्वतः केला. पाळकसाहेबांच्या आज्याला तो हिशेब करायला सवड कुणी दिली नाही. चूल पेटवायची एवढंच हातात होतं.

आता शब्दांकडं येतो. पुस्तकात पापी, दास, अधम, पतित, चरण या शब्दांची रेलचेल. वाचताना माझ्या अंगाची आग होत होती. हजारो वर्षं गावानं सांगितलं की मागल्या जन्मीच्या पापामुळं तू महार. त्या महारानं रविवारी उठून परत म्हणायचं, मी पापी? धनी बदलला, दास तोच? मी वहीत तसं लिहूनही ठेवलं होतं आणि लेख तिथंच संपवणार होतो. आत्याला फोनवर वाचून दाखवलं. आत्या सातवी शिकलेली. ती म्हणाली, "अरे, आमच्याकडं सगळेच पापी. पाटील पण पापी, पाळकसाहेब पण पापी, साहेबाच्या देशातला गोरा पण पापी. पाटलाला पापी म्हणायची सोय तुझ्या गावात दुसरीकडं कुठं हाये?"

याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. आजही पुरतं नाही. कर्मातलं पाप जातीनिहाय वाटलेलं आहे, हे पाप सरसकट आहे. सरसकट पापात एक प्रकारची समता आहे हे मानावं लागतं. प्रभुभोजनाच्या वेळी मी मागं बसून बघत होतो, एका भाकरीचे तुकडे, एकच प्याला. ज्या पट्ट्यात आपल्या बापजाद्यांची कपबशी हॉटेलाच्या मागं वेगळी टांगलेली असायची तिथं एक प्याला तोंडातोंडी फिरणं काय चीज असेल, याचा अंदाज करा. लक्ष्मीबाई टिळकांनी 'स्मृतिचित्रे'त स्वतःचा विटाळ कसा पायरीपायरीनं सुटला ते न लाजता लिहिलंय. ब्राह्मण बाईनं लिहिलेलं आहे म्हणून ते टाळू नका, वाचा.

पण समता पापात आहे, तर अन्यायाचं काय? पाटलानं वेठ घेतली आणि महारानं वेठ दिली, दोघंही सारखेच पापी? इथं पुस्तक गप्प बसतं. मी पहिल्या पानापासून शेवटपर्यंत शोधलं. दुःख भरपूर आहे, दुःख देणारा कुणी नाही. मिसरातून गुलाम बाहेर काढणारा मोशे बायबलात ठसठशीत उभा आहे. अमेरिकेतल्या काळ्या गुलामांनी तीच गोष्ट उचलली, त्यावर गाणी केली, त्या गाण्यांत पळून जायचे निरोप दडवले. १९५५–५६ साली माँटगोमेरीत बसवरचा बहिष्कार चालला तेव्हा लोक रात्री चर्चात जमून आधी गायचे, मग दुसऱ्या दिवशी मैलोनमैल चालायचे. दक्षिण आफ्रिकेत एनॉक सोन्टोंगा या मिशन शाळेतल्या मास्तरानं १८९७ साली एक प्रार्थनागीत केलं, ते आफ्रिकन नॅशनल काँग्रेसनं १९२५ साली आपलं केलं, आणि आज त्या देशाच्या राष्ट्रगीताचा पहिला भाग तेच आहे. देव तोच, पुस्तक तेच. मग आमच्या मराठी चर्चच्या गाण्यात वेठबिगारी नाही, गावकूस नाही, पाणवठा नाही, हे कसं? त्यातही गंमत अशी की ज्या ख्रिस्ती पत्रानं, 'ज्ञानोदया'नं, १८५५ साली मुक्ता साळवेचा निबंध छापला, त्याच परंपरेचं हे पुस्तक. फुल्यांच्या शाळेतल्या चौदा वर्षांच्या त्या मांग पोरीनं आम्हांला धर्म तरी कोणता, असा सवाल टाकला होता. तो सवाल वर्तमानपत्रात छापून आला, गाण्यात आलेला मला दिसला नाही.

बाबासाहेबांनी नेमकं हेच दाखवलं होतं. १९३८ च्या जानेवारीत सोलापूरला ख्रिस्ती मंडळींपुढं ते बोलले. बुद्ध आणि ख्रिस्त या दोन व्यक्तींनी आपल्याला ओढलं हे त्यांनी मोकळेपणी सांगितलं, आणि दक्षिणेत चर्चाच्या आतही जात आहे, ख्रिस्ती समाज अन्यायाविरुद्ध समाज म्हणून उभा राहत नाही, हेही तोंडावर सांगितलं. आपण भाषणात यातला दुसरा भाग घेतो, पहिला गाळतो. चर्चवाले पहिला घेतात, दुसरा गाळतात.

गप्प बसण्याला एक कारण मात्र मला वस्तीवरच कळलं आणि त्यात आपलाही हात आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जाती म्हणजे फक्त हिंदू. १९५६ साली शिखांना आत घेतलं, १९९० साली आपल्याला, बौद्धांना. ख्रिस्ती आणि मुसलमान दलित अजून बाहेर. २०२२ साली केंद्रानं न्यायमूर्ती बालकृष्णन यांचा आयोग नेमला तो याच सवालावर. आत्याचा मुलगा दहावीत चांगल्या मार्कांनी पास झाला. जातीच्या दाखल्याला गेला, तर टेबलावरच्या माणसानं विचारलं, "गळ्यात क्रॉस आहे का?" पोरगं शर्टाचं वरचं बटण लावून उभं राहिलं. कुठलं ऑफिस, कुठलं टेबल, ते लिहीत नाही. टेबलं सगळीकडं सारखीच. ज्या घरात कागदावर एक आणि ओठांवर दुसरं जपावं लागतं, ते घर गावकुसाचं गाणं मोठ्यानं कसं गाईल? गायलं तर विचारतील, तू नक्की कोण. आपणही १९९० पर्यंत याच दारात उभे होतो. आत गेल्यावर मागं वळून पाहिलं नाही.

आता आपल्याकडं येतो. हा भाग तुम्हांला आवडणार नाही.

विहारात आपण त्रिशरण, पंचशील सगळे मिळून म्हणतो, पालीत. तेवढं संपलं की आपला आवाज संपला. पुढं गायक. स्टेज, माईक, पाकीट, निवेदक. वामनदादा कर्डक (१९२२–२००४) गावोगाव पायी फिरून, भाकरीवर गायचे, आणि लोक त्यांची गाणी शेतात घेऊन जायचे. आता चौदा एप्रिलला डीजेच्या भिंतीपुढं आपण नाचतो, त्यात गळ्याला काम काय? माझ्या चाळीतल्या पोरांना विचारलं, एक भीमगीत पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत म्हणा. सात जणांत कुणाला जमलं नाही. मला तीन आली, त्यातल्या एकात दोन कडवी विसरलो. आणि तिकडं अक्षर न येणारी म्हातारी सत्तर गाणी घेऊन मेली. आपल्याकडं गाणं ऐकायची वस्तू झालं, मोबाइलात भरून ठेवायची. त्यांच्याकडं ते अजून करायचं काम आहे, भाकरी थापण्यासारखं.

त्याच जोडीला बाकीचं जगणं. आजारी माणसाच्या घरी आठवड्याला चार जण जातात, गातात, जाताना पेंडखजुराचा पुडा ठेवतात. कापणीच्या सणाला जो तो आपल्या रानातलं आणतो, कांदा, टोमॅटो, कोंबडी, ज्याला रान नाही तो विकतचा नारळ. मग लिलाव. मी होतो त्या दिवशी एक मेथीची जुडी दीडशे रुपयांना गेली, आणि घेणाऱ्यानं ती ज्या म्हातारीनं आणली होती तिलाच परत दिली. त्यावर कुणी भाषण केलं नाही. सगळं गोडच आहे असंही समजू नका. मंडळीत दोन गट आहेत, इमारतीच्या पैशावरून कुजबुज आहे, आणि लग्नं जुळवताना 'मूळचे कोण' हे हळूच विचारलं जातंच. मूळचे महार आणि मूळचे मांग यांच्यात पोरगी देताना चर्चची भिंत पातळ होत नाही. आत्याला विचारलं तर तिनं विषय बदलला. आत्या विषय बदलते म्हणजे माझं खरं आहे.

शेवटच्या खेपेला पाळकसाहेब फाट्यावर सोडायला आले. मोटारसायकलवर मागं बसून मी परत हलगीचं काढलं. म्हणाले, कापणीच्या सणाला चर्चच्या बाहेर, मांडवात वाजवायला हरकत नाही, आत नको, तेही समितीला विचारावं लागेल. मी म्हटलं, वाजवणार कोण, तुमच्याकडं कुणाला येते का. ते म्हणाले, वस्तीवर आता कुणालाच येत नाही.

एक काम सांगून थांबतो. गी प्वातवँ आणि हेमा राईरकर यांनी पुणे जिल्ह्यातल्या डोंगरी गावांपासून सुरवात करून जात्यावरच्या लाखभर ओव्या गोळा केल्या, त्यात बाबासाहेबांवरच्या ओव्या आहेत. ख्रिस्ती घरातल्या बायांनीही जातं ओढलेलं आहे. पुस्तकात नसलेलं गावकूस, पाटील, पाणवठा कदाचित त्या ओव्यांत सापडेल. आत्याच्या सासूच्या मी लिहून घेतल्या नाहीत, मला उशीर झाला. जुन्नर, ओतूर, मंचर, घोडेगाव भागातल्या ज्या वाचकांच्या नात्यात अशी म्हातारी असेल त्यांनी तिच्याजवळ बसून तिच्या तोंडच्या जशाच्या तशा लिहून घ्याव्यात आणि अंकाच्या पत्त्यावर पाठवाव्यात. शुद्धलेखन करू नये.